पालखी न थांबलेल्या घरातली कंबरदुखी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातील, खाडीकाठच्या एका गावातले ४२ वर्षांचे गृहस्थ जून २०२२ मध्ये आमच्या व्यसनमुक्ती बाह्यरुग्ण विभागात आले; आले म्हणण्यापेक्षा आणले गेले. घरात लहानथोर सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून या टिपणातही तेच संबोधन ठेवले आहे. ओळख पटू नये यासाठी गावाच्या खुणा, कुटुंबातील काही नाती आणि व्यवसायाचे काही तपशील बदलले आहेत. कुटुंबाने लेखनास संमती दिली असून, ज्या आतेंची हकिगत यात मुख्यतः येते त्यांनी मजकूर स्वतः वाचून घेतला आहे.

दादा सतराव्या वर्षापासून नौकेवर खलाशी होते. एकोणतिसाव्या वर्षी मासळीचा क्रेट उचलताना ओल्या फळीवर पाय घसरून ते पडले आणि तेव्हापासून त्यांची कंबर दुखते आहे. पुढे समुद्रावर जाणे बंद झाले आणि बंदरावर बर्फ फोडणे, मासळी उतरवणे अशी रोजंदारीची कामे त्यांनी धरली. घरात आई, पत्नी, महाविद्यालयात जाणारी मुलगी, पंधरा वर्षांचा मुलगा आणि मागच्या पडवीत वेगळी चूल मांडून राहणाऱ्या अविवाहित आते अशी माणसे आहेत. वडील २००५ मध्ये रक्ताची उलटी होऊन वारले. ते दारू पीत असत आणि आईच्या शब्दांत सांगायचे तर, "ह्याचा बापूस पण असाच कंबर धरून बसायचा."

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या वर्षी बंदी सुरू होताच बंदरावरची मजुरी थांबली, दुकानदाराने उधारी बंद केली आणि दादांची दारू एकाएकी तुटली. दुसऱ्या रात्री त्यांना फिटचा झटका आला. घरच्यांनी कांदा फोडून नाकाशी धरला, चप्पल हुंगवली, शेजाऱ्यांनी अंगारा लावला. सकाळी मात्र पत्नीने हट्टाने रिक्षा बोलावली आणि त्यांना रुग्णालयात दाखल केले. तिथून ते आमच्या पथकाकडे सोपवले गेले.

समस्या

दाखल होतेवेळी दादा रोज दोन ते तीन क्वार्टर दारू पीत होते. एक क्वार्टर म्हणजे १८० मिली, ४२.८ टक्के तीव्रतेच्या दारूत त्यातून सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. दारूच्या जोडीला ट्रामाडॉल या अफूवर्गीय वेदनाशामकाच्या गोळ्या होत्या. पहिल्यांदा त्या डॉक्टरांनीच कंबरेसाठी लिहून दिल्या होत्या. २०१८ मध्ये हे औषध अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले, तरी दादांना ते ओळखीतून मिळत राहिले. त्यांच्या दृष्टीने सगळा हिशोब सरळ होता : कंबर दुखते म्हणून गोळी, गोळी पुरत नाही म्हणून दारू, आणि दारू उतरली की कंबर दुप्पट दुखते म्हणून पुन्हा गोळी.

हा हिशोब खोटा नव्हता. दारू थोडा वेळ वेदना बोथट करते आणि उतरताना मज्जासंस्था अधिक संवेदनशील करून जाते; अफूवर्गीय गोळ्या दीर्घकाळ घेतल्याने काही जणांमध्ये वेदना उलट वाढते. ट्रामाडॉलमुळे झटके येण्याचा उंबरठा खाली येतो. दारू अचानक तुटल्यानंतरचे ६ ते ४८ तास झटक्यांसाठी सर्वांत धोक्याचे असतात, आणि त्याच अवस्थेत दादा हातात उरलेल्या गोळ्या नेहमीपेक्षा जास्त घेत होते. त्या रात्रीचा झटका बाहेरची बाधा नव्हती, हे कुटुंबाला पटवून देण्यासाठी हाच घटनाक्रम तारखांसह कागदावर मांडून दाखवावा लागला.

कंबरेचा एमआरआय सहा-सात वर्षांपूर्वी झाला होता. त्यात खालच्या दोन मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली दिसत होती. "मणका सरकलाय" हे वाक्य तेव्हापासून घरात रुजले होते आणि दादा वाकताना, उठताना, अगदी शिंकतानाही कंबर आवळून धरत. वेदना नसलेल्या लोकांच्या मणक्यांचा अभ्यास एकत्र करणारे एक सर्वेक्षण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के निरोगी माणसांतही आढळते. दादांच्या पायांत बधिरपणा नव्हता, शक्ती कमी नव्हती, लघवी-शौचावरचा ताबा नीट होता, वजन घटलेले नव्हते. अस्थिरोगतज्ज्ञांनी पुन्हा तपासून शस्त्रक्रियेचे कारण नसल्याचे स्पष्ट केले. तीन महिन्यांहून अधिक टिकणाऱ्या वेदनेला दीर्घकालीन वेदना म्हणतात. तेरा वर्षे चाललेल्या अशा वेदनेत मूळ जखमेपेक्षा वेदना वाहून नेणारी यंत्रणाच जास्त जागी झालेली असते.

इथपर्यंतचे चित्र आम्हाला अनेकदा दिसते. वेगळी गोष्ट दादांच्या पत्नीच्या पिशवीत होती. साड्यांच्या दुकानाच्या जाड प्लॅस्टिक पिशवीत त्यांनी बारा वर्षांचे केसपेपर, इंजेक्शनच्या पावत्या आणि औषधांची रिकामी पाकिटे तारखेनुसार रबर लावून ठेवली होती. ती पाने एकापुढे एक ठेवल्यावर दिसले की, कंबर धरली म्हणून रात्री-अपरात्री इंजेक्शनला धाव घेतल्याच्या नोंदींपैकी बहुतेक फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या आहेत. काम त्या दिवसांत वाढते का, असे विचारले तर दादा म्हणाले की नाही, उलट शिमग्याला, म्हणजे होळीत ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते तेव्हा, चार दिवस बंदर थंडच असते. पत्नी शेजारी बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "पालखीच्या दिवसात हे घरात नसतातच. असले तरी शुद्धीत नसतात."

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय निवासी व्यसनमुक्ती केंद्राचा होता. दादा पूर्वी एकदा अशा केंद्रात राहून आले होते, तिथे त्यांची दारू सुटली होती आणि घरी आल्यावर दुसऱ्याच महिन्यात, शिमग्याच्या तोंडावर, पुन्हा सुरू झाली होती. केंद्रात दारूचा विचार झाला होता, कंबरेचा झाला नव्हता. शिवाय बंदी उठल्यावर ऑगस्टपासून हंगाम सुरू होतो, आणि त्या वेळी तीन महिने मजुरी बुडणे कुटुंबाला झेपणारे नव्हते.

दुसरा पर्याय आईचा होता. घराण्याला दोष आहे असे त्यांचे ठाम मत होते आणि त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून येण्यासाठी त्यांनी कलमांची दोन झाडे गहाण ठेवण्याची तयारी केली होती. त्याआधी त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून चहातून दारू सोडवण्याची पावडरही दिली होती. अशा पावडरींत अनेकदा डायसल्फिरॅम असते, आणि ते घेतलेल्या माणसाने नकळत दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. म्हणून पावडर त्याच दिवशी बंद करण्यास आम्ही निक्षून सांगितले. विधीबद्दल मात्र निक्षून काही बोललो नाही. कर्ज काढू नका, घाई करू नका, एवढेच म्हटले. "दोष कुणाचा आणि कशाचा, ते कुणी सांगितलं का?" असे विचारल्यावर आई गप्प झाल्या आणि त्यांनी पडवीकडे पाहिले. ती नजर आमच्या नोंदीत राहिली.

तिसरा पर्याय स्थानिक पातळीवरचा होता : दारू आणि गोळ्या रुग्णालयात सुरक्षितपणे सोडवायच्या, मग आठवड्याला एकदा बाह्यरुग्ण विभागात बोलावून व्यसन आणि वेदना यांचे उपचार एकाच पथकाने करायचे, आणि कुटुंबाला हळूहळू सामील करून घ्यायचे. त्यात वेळ जास्त लागणार होता आणि पुन्हा पिण्याचा धोका घरच्या घरी सोसावा लागणार होता. तरीही हाच मार्ग निवडला, कारण दादांना ज्या जागी पुढे जगायचे होते त्याच जागी त्यांना बरे व्हायचे होते.

पहिला निर्णायक टप्पा : भूतकाळ कधी उघडायचा

केसपेपरांतला शिमग्याचा धागा पहिल्या महिन्यातच हाती लागला होता. तो लगेच ओढायचा की थांबायचे, यावर पथकात मतभेद झाले. एक मत असे की, कारण समोर दिसत असताना त्याला बगल देणे म्हणजे कुटुंबाच्या मौनात आपणही भागीदार होणे. दुसरे मत असे की, ज्या माणसाला चार तास सलग झोप लागत नाही आणि ज्याच्याकडे दुःख सोसण्याचे दारूखेरीज दुसरे साधन नाही, त्याच्यापुढे जुनी जखम उघडली तर तो पुन्हा बाटलीकडेच वळेल. मला दुसरे मत पटले आणि आजही पटते. आधी शरीर सावरायचे आणि किमान तीन महिने संयम टिकल्यावरच मागच्या गोष्टींना हात घालायचा, असे ठरले.

त्याप्रमाणे थायमिन या जीवनसत्त्वाची इंजेक्शने, मोजून कमी करत आणलेले लोराझेपाम हे झटके टाळणारे शामक औषध आणि ट्रामाडॉल बंद केल्यामुळे होणारी अंगमोड, जुलाब, निद्रानाश यांवर लक्षणांनुसार औषधे असा पहिला पंधरवडा गेला. या काळात कंबर आधीपेक्षा जास्त दुखणार आहे, हे दादांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवले होते. मागच्या खेपेला हीच वाढलेली वेदना त्यांनी "दारूशिवाय आपले शरीर चालतच नाही" याचा पुरावा मानली होती. अफूवर्गीय औषध शरीरातून पूर्ण गेल्याची खात्री आणि यकृताच्या तपासण्या झाल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी नाल्ट्रेक्सोन सुरू केले. दारूची ओढ कमी करणे आणि गोळ्यांचा परिणाम रोखणे ही दोन्ही कामे त्याने होणार होती. रात्री अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलीन हे वेदना आणि झोप यांसाठीचे औषध नंतर जोडले गेले.

कंबरेसाठी भौतिकोपचारतज्ज्ञांनी दिलेला कार्यक्रम साधा होता. घर ते जेट्टी या रस्त्यावरचे विजेचे खांब मोजायचे, आज चार खांबांपर्यंत चालायचे ठरले तर बरे वाटत असले तरी पाचव्यापर्यंत जायचे नाही, आणि दुखत असले तरी चौथा गाठून परतायचे. "बरे वाटले की झपाटून काम आणि मग तीन दिवस अंथरूण" हा दादांचा जुना क्रम त्यामुळे मोडला. याच उपचारांत एक निरीक्षण मिळाले. वाकण्याच्या व्यायामात दादांची कंबर मोकळी होई, पण बोलता बोलता गावकीचा किंवा देवळाचा विषय निघाला की त्यांचा श्वास अडके, जबडा आवळे आणि हात आपोआप कंबरेवर जाई. ते त्यांना दाखवून दिले तेव्हा ते चकित झाले. "मी कधी धरली कंबर?" असे त्यांनी खरोखरच विचारले.

दुसरा निर्णायक टप्पा : ही हकिगत कुणाची

नोव्हेंबरमध्ये दादांच्या संमतीने कुटुंबाचा तीन पिढ्यांचा आलेख काढायला घेतला. आजीच्या नावापुढे मृत्यूचे कारण आईंना सांगता येईना. "आतेला विचारा," एवढेच त्या म्हणाल्या. आतेंना रुग्णालयात बोलावणे सोपे होते, पण त्यांना तिथे बोलते करणे म्हणजे चारचौघांत उभे करण्यासारखे झाले असते. म्हणून पथकातली एक सहकारी आणि मी त्यांच्या पडवीत गेलो. त्या सुपात जवळा निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवला नाही आणि नजरही वर केली नाही. आम्हीही वही काढली नाही.

त्यांनी सांगितले ते असे. १९७४ मध्ये देवस्थानाच्या जमिनीच्या हद्दीवरून वाद झाला आणि दादांच्या आजोबांनी गावकीच्या विरोधात साक्ष दिली. गावकीने दंड सांगितला, आजोबांनी तो भरला नाही, आणि घर वाळीत पडले. सार्वजनिक विहिरीवर पाणी बंद झाले, दुकानदार उधार तर सोडाच, रोखीनेही माल देईना, गिरणीवर दळण घेतले जाईना, लावणीला कुणी येईना, आणि दादांच्या वडिलांना कोणताही तांडेल (नौकेचा प्रमुख) नौकेवर घेईना. फाल्गुनात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरे, आणि या घराच्या बेड्यापाशी (आवाराच्या फाटकापाशी) ढोल थांबून पालखी न थबकता पुढे जाई. १९७८ मध्ये शिमग्याच्या आधी आठवडाभर आजी वारल्या. तिरडीला आजोबा, दादांचे वडील आणि बाहेरगावाहून आलेला मामा असे तीनच खांदे होते. चौथा खांदा आतेंनी दिला. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. लाकडे कुणी दिली नाहीत म्हणून दारातला आंबा तोडला, आणि ओले लाकूड दिवसभर धुमसत राहिले. त्यांचे ठरलेले लग्न पुढच्याच महिन्यात मोडले. बाईमाणसाने प्रेताला खांदा दिला, असे कारण सांगितले गेले.

"घरात मुलं जन्माला आली तेव्हा भाऊ म्हणाला, यांना काही कळता कामा नये. मग नाही सांगितलं," असे म्हणून आतेंनी सूप बाजूला ठेवले.

१९८६ मध्ये आजोबांच्या पश्चात दादांच्या वडिलांनी दंड भरला, नारळ ठेवला आणि घर परत गावात घेतले गेले. त्यानंतर त्या बारा वर्षांबद्दल घरात कुणीही बोलले नाही. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध मुंबई प्रांतात १९४९ मध्ये केलेला कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये रद्द ठरवला होता, त्यामुळे या कुटुंबाला त्या काळात दाद मागायला कायद्याचा स्वतंत्र आधारही नव्हता. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१६ मध्ये मंजूर झाला आणि जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो मागील घटनांना लागू होत नाही, तरी आज पुन्हा कुणी असा प्रयत्न केला तर काय करता येईल, हे आतेंना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि तक्रारीत आपल्याला रस नाही, असे स्पष्ट म्हटले.

आता प्रश्न असा होता की, हे दादांना कोणी सांगायचे. आम्ही सांगितले असते तर ते काम चटकन झाले असते. पण जिने पंचेचाळीस वर्षे लाज एकटीने वाहिली तिच्या तोंडून ती हकिगत काढून दुसऱ्याच्या हाती देणे आम्हाला योग्य वाटले नाही. आतेंना विचार करायला वेळ दिला. डिसेंबरमध्ये त्यांनी स्वतःच निरोप पाठवला की, रुग्णालयात नको, घरीच, आणि सूनबाईही असू दे.

दादांची प्रतिक्रिया

अशा प्रसंगी रडू येते, मन मोकळे होते आणि दुखणे हलके होते, असे सांगण्याची प्रथा पडली आहे. इथे तसे झाले नाही. दादा संतापले. पाच वर्षांचे असताना ते पालखीमागे धावत गेले होते. वडिलांनी त्यांना फरफटत घरात आणून पट्ट्याने मारले होते आणि तो मार त्यांनी आयुष्यभर "बाबांना मी नको होतो" याचा पुरावा म्हणून जपला होता. पालखीपाशी गेलेल्या मुलाला लोकांनी सर्वांदेखत हाकलले असते, या भीतीने वडिलांचा हात उठला असावा, असे आतेंचे म्हणणे. दादांना ते पटले, आणि पटल्यामुळेच राग कुणावर काढायचा ते कळेना. वडिलांची भीती समजली म्हणून तो मार योग्य ठरत नाही, हे आम्ही त्यांना मुद्दाम स्पष्ट शब्दांत सांगितले. समजून घेणे आणि माफ करणे यांची गल्लत झाली की रुग्णावर माफ करण्याचे आणखी एक ओझे येते.

या काळात घरात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागले : "रक्तातच आहे आपल्या." त्याला वेळीच उत्तर देणे गरजेचे होते. दारूच्या अवलंबित्वाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असल्याचे जुळ्यांवरील अभ्यासांतून दिसते. उरलेला वाटा परिस्थितीचा, सवयीचा आणि उपलब्धतेचा असतो. बालपणीचे आघात आणि प्रौढपणीची व्यसने व आजार यांचा संबंध १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेनऊ हजार लोकांच्या अमेरिकी अभ्यासाने ठळकपणे दाखवला. आघात जनुकांवरील खुणांच्या रूपाने पुढच्या पिढीत उतरतो, असे सांगणारे माणसांवरचे संशोधन मात्र अजून लहान गटांपुरते आहे. त्यामुळे कुणाही कुटुंबाला "तुमच्या जनुकांत दुःख आहे" असे सांगणे मला धोक्याचे वाटते. या घरात काय उतरले ते डोळ्यांना दिसत होते. दुखले तरी बोलायचे नाही, घरातले बाहेर न्यायचे नाही, माणसे जवळ आली की अंग आवळून घ्यायचे आणि सहन होईना की प्यायचे. वडिलांनी हे मुलाला शब्दांत शिकवले नाही, रोज वागून शिकवले. जे शिकले आहे ते दुसऱ्या रीतीने पुन्हा शिकता येते, हे दादांच्या पंधरा वर्षांच्या मुलासमोर बोललो, कारण "आजोबांच्या वळणावर जाशील" हे टोमणे त्यालाही सुरू झाले होते.

पुन्हा पिणे

मार्च २०२३ च्या शिमग्यासाठी आधीपासून योजना आखली होती. पत्नीने औषध समोर द्यायचे, पालखीच्या दिवशी मुलगी घरी राहणार आणि रात्री गरज पडली तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या क्रमांकावर बोलायचे, असे ठरले होते. दादांनी होळीच्या आठवडाभर आधी नाल्ट्रेक्सोन बंद केले आणि ते कुणाला कळू दिले नाही. पालखी दाराशी आली तेव्हा ते बंदरावर होते आणि प्यायलेले होते. चार दिवस ते पीत राहिले. कंबरेची वेदना दहापैकी नऊवर गेली. गोळ्या मात्र त्यांनी घेतल्या नाहीत. पाचव्या दिवशी ते पत्नीसह स्वतः आले. पूर्वीचा झटका लक्षात घेऊन त्यांना घरी न ठेवता थोड्या दिवसांसाठी दाखल केले.

पथकासाठी हा तिसरा निर्णायक टप्पा होता. हकिगत उघडली म्हणूनच ते पुन्हा प्यायले, असा निष्कर्ष काढून तो विषय कायमचा मिटवणे सोपे होते, आणि आईंची मागणीही तीच होती. दादांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आधी का पितो ते माहीत नव्हतं. या वेळी माहीत होतं, तरी प्यायलो." या वाक्यात आम्हाला पुढचा रस्ता दिसला. कारण कळणे पुरेसे नव्हते. पालखीच्या दिवशी शरीराला दुसरे काहीतरी करायला मिळायला हवे होते. पुढचे सहा महिने त्यावरच काम झाले : श्वास सोडत कंबर सैल सोडणे, ढोलाचा आवाज मोबाइलवर आधी हळू आणि मग मोठ्याने ऐकत ते करणे, घराच्या बेड्यापाशी उभे राहून करणे.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस पितृपक्ष सुरू झाला. आतेंनी आपल्या आईचा म्हाळ घालण्याची इच्छा सांगितली, आणि तो नुसत्या घरच्यांत नव्हे तर गावातली माणसे जेवायला बोलावून. आईंना हवा असलेला विधी आणि दादांना हवी असलेली मान्यता या दोन्ही गोष्टी त्यातून होणार होत्या, कर्ज न काढता. नागबळीचा बेत तिथेच मागे पडला. दादांनी बारा घरी जाऊन आमंत्रण दिले. सात घरची माणसे आली. जुन्या गावकीतल्या एका वृद्ध गृहस्थांनी जेवण झाल्यावर आतेंपुढे हात जोडले, काही बोलले नाहीत. आतेंनी त्यांना विडा दिला. बाकी पाच घरांतून कुणी आले नाही, आणि दादांना ते लागले. त्या रात्री ते झोपले नाहीत, पण प्यायलेही नाहीत.

निष्पत्ती

जून २०२४ मध्ये, म्हणजे पहिल्या दाखल होण्याला दोन वर्षे झाली तेव्हा, मार्च २०२३ चे चार दिवस आणि त्यानंतरची एका लग्नातली एक रात्र सोडता दादा दारूपासून दूर होते. ट्रामाडॉल पूर्ण बंद होते. यकृताच्या तपासण्या सुधारल्या होत्या. वेदना सरासरी दहापैकी आठवरून चार-पाचवर आली, पण गेली नाही, आणि ती पूर्ण जाईल असे आश्वासन आम्ही कधीच दिले नव्हते. मार्च २०२४ च्या शिमग्यात कंबर पुन्हा आठवर गेली. ते दारात उभे राहिले, पालखीसमोर नारळ आतेंनी ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी ते ठरलेले खांब चालून आले. इंजेक्शनसाठी रात्री धाव घेण्याची वेळ त्या वर्षी आली नाही. ते आता बंदरावर वजनकाट्याचे काम करतात. त्यात पैसे कमी मिळतात, त्यामुळे घरात कुरबुर होते.

आई अजूनही दोष मानतात. आतेंची झोप सुधारली, मात्र गुडघेदुखी तशीच आहे.

वेगळे काय करता येईल

अशा रुग्णाच्या पहिल्याच मुलाखतीत "केव्हा जास्त दुखते" हा प्रश्न दिवसाच्या वेळेपुरता न विचारता वर्षाच्या महिन्यांपर्यंत, सणांपर्यंत न्यायला हवा. कोकणात शिमगा आणि गणपती ही दोन टोके धरून केसपेपर लावले तर पुष्कळ कळते. दादांनी त्याआधी अनेक ठिकाणी उपचार घेतले होते, आणि ती पिशवी मात्र कुणी उघडायला सांगितली नव्हती.

आईंशी स्वतंत्र बैठका सुरुवातीपासून घेण्याचा पर्याय होता. त्या वाळीत पडलेल्या घरात दूरच्या तालुक्यातून सून म्हणून आल्या, आणि त्यांना लग्नाआधी कुणी काही सांगितले नव्हते. त्यांचा दोषावरचा विश्वास हा त्यांच्यापुरता त्या फसवणुकीचा अर्थ होता. हे म्हाळाच्या तयारीत त्या स्वतः बोलल्या तेव्हा समोर आले. आधी आले असते तर पावडरीचा आणि कर्जाचा धोका लवकर टळला असता.

हकिगत उघड होण्याची वेळ डिसेंबरऐवजी पुढच्या पावसाळ्यात धरता आली असती, म्हणजे शिमगा येईपर्यंत शरीराच्या सरावाला सात-आठ महिने मिळाले असते. पण त्यासाठी आतेंना थांबायला सांगावे लागले असते. त्यांनी आपल्या मर्जीने वेळ निवडली होती, आणि मला तो मान अधिक मोलाचा वाटतो. दुसरा पथकप्रमुख उलटे ठरवू शकेल आणि त्याचेही चुकणार नाही. औषध घेतल्याची खात्री करण्याची व्यवस्था मात्र सणाच्या आधीच्या पंधरवड्यात पत्नीवर न टाकता आरोग्यसेविकेकडे द्यावी. पत्नीवर टाकल्याने ती पहारेकरी होते आणि रुग्णाला लपवालपवी करावीशी वाटते. मार्च २०२४ साठी ही व्यवस्था बदलली होती.

मुलाला किती सांगायचे, हे अजून ठरायचे आहे. त्याला पणजीच्या तिरडीची गोष्ट म्हाळाच्या दिवशी तुटक कळली आणि तो आतेंना प्रश्न विचारू लागला. दादांचे म्हणणे दहावीची परीक्षा होऊ दे, आते म्हणतात विचारतोय तर सांगून टाकू. पुढच्या बैठकीला तिघांनाही एकत्र बोलावले आहे.